चाखणं म्हणजे खाणं नव्हे

६ जानेवारी

आहारवाल्या बाईंनी एक तक्ता दिलाय. दिवसभरात काय काय प्यायलो ते त्यात लिहायचं. पण त्यात शिव्यांसाठी रकाना नाही, म्हणून ही वही आणली.

आज पहिलं पाकीट पाण्यात कालवून प्यायलो. पाकिटावर व्हॅनिला असं छापलंय. छापायला काय जातंय! भिंतीला द्यायचा रंग कालवला तर अस्साच दिसेल, आणि चवही बहुतेक तीच लागेल. असली पाकिटं दिवसातून चार वेळा. मधल्या वेळात भाज्या उकडून गाळलेलं पाणी, बिनसाखरेचा काळा चहा आणि साधं पाणी हवं तेवढं. चावायचं काहीही नाही. बत्तीस दात आता तोंडात नुसते शोभेला. "आमची देखरेख आहे म्हणून हे चाललंय. दर आठवड्याला रक्त तपासायला यायचं, चक्कर आली तर लगेच फोन करायचा," असं बाईंनी बजावलं. बाई माझी पोर शोभतील एवढ्याच वयाच्या आहेत, पण आवाज हेडमास्तरांचा.

हे सगळं कशासाठी, तेही लिहून ठेवतो. पुढे मन डळमळलं तर पान उलटून बघता येईल.

ताईचं यकृत कामातून गेलंय. तिने जन्मात कधी दारूला हात लावला नाही. डॉक्टर म्हणाले, काही आजारांत शरीरच आपल्या यकृतावर उलटतं. आता कुणी आपल्या यकृताचा तुकडा दिला तरच ती वाचेल. भाऊजी जाऊन बरीच वर्षं झाली. भाचीचा रक्तगट जुळत नाही. माझा जुळला. त्या दिवशी आम्ही सगळे एकदम रडलो आणि एकदम हसलो. मग माझं स्कॅन झालं आणि सर्जन म्हणाले, "तुमच्या यकृतात पंचवीस टक्के चरबी आहे. दहाच्या आत आल्याशिवाय मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. तुमच्याही जिवाला धोका, त्यांच्याही. वजन उतरवा, चरबी आधी यकृतातलीच जाते. पण लवकर. त्यांच्या हातात फार महिने नाहीत."

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई कामावर जायची, मला भरवायची ती. ढब्बू हे नाव तिनेच ठेवलं आणि ते सार्थ व्हावं म्हणून घासामागून घास तिनेच घातले. माझ्या अंगावर जे काही आहे त्यातलं निम्मं तिचंच आहे. मी यकृत देणार हे तिला ठाऊक आहे. त्यालाही ती महत्प्रयासाने तयार झाली. पण त्यापायी मी उपाशी राहतोय हे कळलं तर ती सरळ नाही म्हणेल. म्हणून तिला सांगितलंय की तपासण्या चालू आहेत. बायको आणि भाची, दोघींकडून शपथा घेतल्यात.

९ जानेवारी

आश्चर्य! मी घाबरत होतो की उपाशी आचाऱ्याने कँटीनमध्ये उभं राहणं म्हणजे छळ होईल. कारखान्याची दोन पाळ्यांची माणसं, पातेली एवढी मोठी की त्यात मी स्वतः मावेन, आणि समोर रस्सा रटरटतोय. पण भूक नाही! सकाळी पाकीट पिऊन गेलो तो दुपारी तीनपर्यंत पोटात शांतता. मन कामात गुंतलं की पोटाची तक्रार आपोआप बंद होते, हेच खरं. घरी आलो की मात्र कावळे ओरडायला लागतात.

काम आज झकास झालं. टोमॅटोच्या सुपात आधी आंबटपणा चढला होता. तळहातावर घेऊन बघितलं, चिमूटभर साखर घातली, परत बघितलं, जरा लोणी सोडलं, परत बघितलं, तेव्हा कुठे जमलं. बटाट्याच्या रश्श्याला मात्र खूप वेळ लागला. माझ्या गुरूंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "चाखल्याशिवाय पातेलं खाली उतरवायचं नाही. आचाऱ्याची जीभ झोपली की गिऱ्हाईक उठून जातं." इतकी वर्षं हा नियम मी मोडलेला नाही.

काडी आज माझं पाकीट बघून हसला. काडी म्हणजे माझा दुसऱ्या नंबरचा आचारी. पन्नाशी उलटली तरी अंगावर मांस नाही, आणि जेवतो बैलासारखा. देवाचा न्याय बघा. तंबाखूची डबी सतत खिशात, त्यामुळे त्याची जीभ कधीच मेलीय. मीठ घालायला सांगितलं की समुद्र करून ठेवतो.

१३ जानेवारी

ताईकडे गेलो. दार उघडायच्या आधीच आतून आवाज, "जेवलास का?" ती आधी हे विचारते, मग बाकीचं. आई गेली त्या दिवशीही तिने रडता रडता मला हेच विचारलं होतं.

"हो, पोटभर."

"काय काय?"

मग मी आज कँटीनमध्ये जे केलं ते सगळं सांगितलं. कांदा कसा गुलाबी होईपर्यंत परतला, वाटाणे कसे कोवळे होते, वरून काय भुरभुरवलं. तिला मीठ बंद आहे, जेवण जात नाही. ती डोळे मिटून ऐकत होती आणि मध्येच विचारायची, "मिरी घातलीस?" तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा पडत चाललाय. मी इतक्या सफाईने खोटं बोललो की मलाच तोंडाला पाणी सुटलं.

१९ जानेवारी

गॅसच्या नळीच्या कामामुळे कँटीन दोन दिवस बंद होतं. हे दोन दिवस माझ्या वैऱ्यालाही नकोत. कसली भूक! दाराची चौकट दिसली तरी चावावीशी वाटत होती. बायकोने भांडी घासताना एक जरा आपटलं म्हणून मी तिच्यावर खेकसलो.  हल्ली ती ओट्याशी उभ्यानेच पटकन काहीतरी खाते आणि ताट विसळून टाकते. एवढी कसली घाई असते तिला, कुणास ठाऊक.

उद्यापासून कामावर. सुटलो.

३० जानेवारी

बावीस.

एवढे दिवस भिंतीचा रंग प्यायलो आणि पंचवीसचे बावीस! आहारवाल्या बाईंनी तक्ता बघितला, मला बघितलं, परत तक्ता बघितला. "खरं सांगा, बाहेरचं काही खाता का?"

मी उभाच राहिलो. म्हटलं, "बाई, माझ्या बहिणीची शपथ. एक घास चावलेला नाही." आणि हे अगदी खरं आहे. मी पाकिटांना नावं ठेवली, वजनकाट्याला ठेवली, स्कॅनच्या यंत्राला ठेवली. सर्जन शांतपणे म्हणाले, "फेब्रुवारीच्या शेवटी परत बघू. त्यानंतर मला थांबता येणार नाही. दुसरा कोणी दाता असेल तर शोधून ठेवा."

दुसरा कोण असणार? बाहेर बाकावर बसून मी रडलो. ज्या बहिणीने मला वाढवलं तिला द्यायला माझ्याकडे एवढा मोठा देह आहे, आणि त्यातला एक तुकडा कामाचा निघू नये!

१ फेब्रुवारी

हे लिहिताना माझे कान अजून गरम आहेत.

काल कामावर सगळ्यांवर डाफरत होतो. तेव्हा काडी म्हणाला, "वस्ताद, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"रागावणार."

"मग राहू दे."

"बोल लवकर."

"तुम्ही दिवसभर चाखता त्याचं काय?"

मी त्याला म्हटलं, "अरे, चाखणं म्हणजे खाणं नव्हे. ते काम आहे. शिंपी कापड अंगाला लावून बघतो म्हणजे काय कापड नेसतो?" तो कांदे चिरायला वळला. मला वाटलं, तोंड बंद केलं.

आज सकाळपासून तो एक लहान पातेलं घेऊन माझ्या मागे मागे. मी तळहातावर रस्सा घेतला की तोही डावातून तेवढाच रस्सा त्या पातेल्यात टाकायचा. मी बटाटा शिजला का म्हणून फोड तोंडात टाकली की एक फोड पातेल्यात. लोणी, साय, भाताचा चमचा, सॉस, सगळं. मी म्हटलं, काय पोरखेळ आहे! दुपारी वाढप संपल्यावर त्याने ते पातेलं माझ्यापुढे ठेवलं. काठोकाठ.

"हे तुमचं चाखणं," काडी म्हणाला. "यात माझी दोन्ही पोरं जेवतील, वस्ताद."

 वरती लोणी तरंगत होतं. थेंबे थेंबे तळे साचे असं आपण पोरांना सांगतो, आणि मी तळ्याच्या काठी उभा राहून घसा कोरडा आहे म्हणत होतो. कुंपणानेच शेत खाल्लं. म्हणून कामावर भूक लागत नव्हती! म्हणून कँटीन बंद होतं त्या दोन दिवसांत जीव जात होता! मी खोटं बोललो नव्हतो, हेच सगळ्यात वाईट. मला खरोखरच ते खाणं वाटत नव्हतं.

आहारवाल्या बाईंना फोन करून सांगितलं. त्या ओरडतील असं वाटलं होतं. पण त्या हसायलाच लागल्या आणि म्हणाल्या, "सापडला चोर! आता मला काळजी नाही."

मला आहे. न चाखता स्वयंपाक कसा करतात?

३ फेब्रुवारी

असा करतात: वाईट.

रजा घ्यावी तर सगळी रजा ऑपरेशननंतरसाठी राखून ठेवलीय. तेव्हा उभं राहणं भाग आहे. आज एकदाही हात तोंडाकडे नेला नाही. तीनदा नेला, पण काडीने वाटेतच धरला. चाखायचं काम त्याला दिलं, दुसरा होताच कोण? गाढवाला गुळाची चव काय! सूप पुढे करून विचारलं, "कसंय?" म्हणाला, "बरंय." रस्सा? "बरंय." भात? "तेही बरंय."

आमच्या धंद्यात खरा निकाल उष्ट्याची बादली देते. लोक तोंडावर गोड बोलतात, बादली बोलत नाही. आज बादली दुपारी एकलाच भरली आणि दुसरी लावावी लागली. एका फिटरने खिडकीतून डोकं घालून विचारलं, "वस्ताद, समुद्र आटवलात की काय?" आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या पातेल्याची लाज वाटली.

आणि भूक! आता खरी भूक लागली. आधीची नुसती रंगीत तालीम होती.

७ फेब्रुवारी

काडीला काल फैलावर घेतलं. "बरंय म्हणजे काय? मीठ पुढे येतं की मागे राहतं? आंबट आधी लागतं की गिळल्यावर?"

तो म्हणाला, "एवढं सगळं असतं होय सुपात?"

मग त्याला शिकवायला बसलो. मीठ जिभेच्या टोकाला लागलं आणि तिथेच बसलं तर ते पुढे आलं. घास गिळल्यावर शोधावं लागलं तर मागे राहिलं. कुठे आहे ते कळलंच नाही, पण सूप मात्र छान लागलं, तर जागेवर. त्याने डोळे मिटून चमचाभर घेतलं. "मागे आहे," म्हणाला. मी मीठ घातलं. "अजून मागे." घातलं. मग त्याचा चेहरा एकदम बदलला. "वस्ताद, आलं! जागेवर आलं!" मला तर त्याला मिठीच मारावीशी वाटली, पण तो मध्येच मोडायचा म्हणून आवरलं.

मीही नवं काही शिकतोय. कांदा तेलात पडल्यावर आधी ओरडतो, मग कुजबुजतो. कुजबुज थांबली की उतरवायचा. रस्सा तयार झाला की बुडबुडे जड होतात. एवढी वर्षं हे सगळं समोर होतं, पण मी जिभेच्या भरवशावर कान झाकून बसलो होतो.

१० फेब्रुवारी

कमरेच्या पट्ट्याला नवं भोक पाडलं. वजन सटासट उतरतंय. रक्ततपासणी ठीक. डोकं जरा हलकं वाटतं, पण बाई म्हणतात चालेल, पाणी वाढवा.

काडीचं काहीतरी बिनसलंय. हात थरथरतात, वाढप्यांवर उगाच ओरडतो, दिवसभर लवंगा चघळतो. बायकोशी वाजलं असेल. पण जिभेला मात्र धार आलीय, हे मान्य करायलाच हवं. आज म्हणाला, "मिरी जरा कुटायला पाहिजे होती, अख्खी पडलीय." काडी! मिरीबद्दल बोलतोय!

ताईकडे गेलो. दार उघडलं, आत गेलो, बसलो. ती म्हणाली, "पाय पुसलेस का?" बस्स. जेवलास का विचारलंच नाही. मी आपला उत्तर तयार ठेवून बसलो होतो. मुद्दाम सांगायला लागलो की आज वाटाण्याचा रस्सा होता, तर तिने बोलणं दुसरीकडे वळवलं, "पोरीच्या चपला शिवायला टाक रे."

रस्ताभर मन खात राहिलं. डॉक्टर म्हणाले होते की यकृत थकलं की विष डोक्यात चढतं, माणूस विसरायला लागतो.

१४ फेब्रुवारी

आज तिची परीक्षा घेतली. विचारलं, "ताई, मी शाळेत असताना कुणाच्या छपरावरून पडलो होतो?" म्हणाली, "पडला कुठे होतास, छप्पर पडलं होतं. तू वरती होतास." मग त्या घरमालकाने काय शिव्या दिल्या, त्याही क्रमवार सांगितल्या. म्हणजे डोकं शाबूत आहे, अगदी गरजेपेक्षा जास्त. मग एवढी जन्माची सवय कशी सुटली? या वेळीही विचारलं नाही.

शिवाय आणखी एक. माझ्यासमोर ती काहीच खात नाही. मी गेलो तेव्हा भाची पेज घेऊन आली, तर ताईने डोळ्यांनीच तिला परत पाठवलं. शेजाऱ्यांनी आणलेली बिस्किटंही उशीमागे सरकवली. मी घाबरून भाचीला बाहेर गाठलं, "अगं, ही जेवायची बंद झाली की काय?" तर ती म्हणाली, "नाही मामा, तू यायच्या आधी एक वाटी घेतली, तू गेल्यावर एक घेईल." मग माझ्यासमोर काय होतं हिला? भाची छताकडे बघायला लागली. या घरातल्या बायकांचं काही कळत नाही.

खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं. खोटं बोलायला का होईना, तिने विचारायला हवं होतं.

१८ फेब्रुवारी

विजय!

आज दोन्ही पाळ्यांचं जेवण एकत्र होतं. मोठ्या यंत्राची चाचणी म्हणून सगळे एकाच वेळी आले. रांग थेट फाटकापर्यंत. मी सकाळपासून पाचही पातेल्यांमध्ये फिरत होतो, कान लावून, वास घेऊन. काडी चमचा घेऊन मागे. "मागे." "मागे." "आलं." "वस्ताद, आंबट दाराशीच उभं आहे, आत येत नाही." "थांब, त्याला आत ओढतो." चिमूटभर साखर. "आलं आत!" वाढपी आमच्याकडे वेडे झाल्यासारखे बघत होते.

वाढप संपल्यावर मी उष्ट्याच्या बादलीपाशी गेलो. काडीही आला. बादलीत लिंबाच्या साली होत्या, दोन-चार हाडं होती, आणि तळ दिसत होता. तळ! बादलीचं हे रूप मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. तोच फिटर परत खिडकीत आला आणि नुसतं रिकामं ताट उलटं करून दाखवून गेला.

मी आयुष्यातला सगळ्यात चांगला स्वयंपाक केला आणि त्याची चव कशी होती ते मला कधीच कळणार नाही. तरी आज मी फार फार खूश आहे.

२१ फेब्रुवारी

ताईला दवाखान्यात ठेवलंय. पोटात पाणी झालंय. सर्जन म्हणाले, "आता स्कॅनवर सगळं अवलंबून आहे."

तिथून तसाच कामावर गेलो. भटारखान्यात कोणी नव्हतं. ओट्यावर उकडलेले बटाटे वाफाळत ठेवले होते. एकाचं साल आपोआप सुटलं होतं. मी तो उचलला, मीठ लावलं आणि तोंडात टाकला. हो, टाकला. इथे खोटं कशाला लिहू. जिभेवर तो विरघळायला लागला आणि मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मग ताईचे पिवळे डोळे आठवले. मोरीत जाऊन थुंकलो, खळखळून चूळ भरली, परत भरली. गिळला असता तर एका बटाट्याने काय झालं असतं? बहुतेक काहीच नाही. पण त्या लहान पातेल्यातही असे एकेकटेच बटाटे होते.

बाहेर येऊन काडीला सांगितलं. त्याने खिशातली लवंग काढून दिली. आम्ही दोघं लवंगा चघळत उभे राहिलो.

२६ फेब्रुवारी

सात!

सर्जन म्हणाले, "सात टक्के." मी म्हटलं, "परत सांगा." ते म्हणाले, "सात." मी म्हटलं, "अजून एकदा." आहारवाल्या बाई दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "सात, सात, सात! झालं समाधान?" आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. हेडमास्तरांनी! सर्जनांनीही माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाले, "असं यकृत मला रोज मिळालं पाहिजे." आजवर माझ्या रश्श्याची पुष्कळ तारीफ झाली, पण आतल्या अवयवाची ही पहिलीच.

घरी येऊन सांगितलं तर बायको ओट्याला टेकून रडायला लागली. म्हणाली, "अहो, मला आता तरी बसून जेवू द्या." तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. मी तिला पाटावर बसवलं, ताट वाढलं आणि समोर बसून माझा व्हॅनिला प्यायलो. किती दिवसांनी आम्ही दोघं एकत्र जेवलो.

शस्त्रक्रिया चार मार्चला.

२ मार्च

आज कँटीनमधला शेवटचा दिवस. काडीकडे पातेली सोपवली. तो म्हणाला, "वस्ताद, लवकर परत या. फार दिवस मला असं जमायचं नाही." मी म्हटलं, जमेल रे, तुझी जीभ आता माझ्यापेक्षा चांगली आहे. हे मी कुणाला म्हणेन असं वाटलं नव्हतं.

निघताना मिठाची बरणी पुसून ठेवावी म्हणून वरच्या फळीवर हात घातला, तर मागे काडीची तंबाखूची डबी. उघडली तर भरलेली, आणि आतली तंबाखू वाळून चुरा झालेली. विसरला असणार इथे. काडीला धड काही आठवत नाही. आल्यावर द्यायला पाहिजे.

३ मार्च

दवाखान्यात भरती झालो. उद्या सकाळी. ताई शेजारच्या वॉर्डात आहे, संध्याकाळी तिला चाकांच्या खुर्चीवरून माझ्याकडे आणलं. फार वाळलीय. मीही वाळलोय. भाची म्हणाली, "पहिल्यांदाच तुम्ही बहीण-भाऊ दिसता."

भीती वाटतेय का? वाटतेय. पोट फाडणार, त्यात मजा कसली. पण मनात एक प्रकारची ऐट पण आहे. परीक्षेला पूर्ण अभ्यास करून चाललेल्या पोराला असते तशी. मला शाळेत कधी आली नव्हती.

ताईने माझ्या मनगटाला हात लावून बघितला. तिच्या दोन बोटांत ते मावलं.  जाताना फक्त म्हणाली, "ढब्बू, उद्या पाय पुसून ये."

९ मार्च

आज बसून लिहायची परवानगी मिळाली. अक्षर वाकडं येतंय.

झालं. माझा तुकडा ताईच्या पोटात आहे आणि काम करतोय. सर्जन म्हणाले, टाके घालायच्या आधीच त्याचा रंग गुलाबी झाला होता. कांदा व्हावा तसा, असं मी म्हटलं, तर ते हसले आणि मीही हसलो, आणि मग टाक्यांनी मला हसण्याची शिक्षा दिली. माझं उरलेलंही वाढून परत जवळपास पूर्ण होईल म्हणतात. वाढायची मला सवय आहेच.

काडी काल खिडकीच्या काचेबाहेरून बादली उलटी करून दाखवून गेला. खरी बादली घेऊन आला होता, बावळट. पहारेकऱ्याने हाकललं.

आज दुपारी दवाखान्याने मला पहिल्यांदा चावायचं जेवण दिलं. मऊ भात आणि उकडलेला बटाटा. मी पहिला घास तोंडात धरून ठेवला. दातांना काय करायचं ते आठवेना. मग आठवलं.

त्यानंतर नर्सने मला धरून धरून ताईच्या खोलीपर्यंत चालवत नेलं. नळ्या, यंत्रं, पांढरी चादर आणि मधोमध ताई. डोळे मिटलेले. मी दाराशी उभा राहिलो. माझ्या चपलांचा आवाज झाला आणि तिने डोळे उघडले. ते पिवळे नव्हते.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग बसलेल्या आवाजात म्हणाली, "जेवलास का?"

मी दाराची चौकट धरून तसाच उभा राहिलो. तिला वाटलं मला ऐकू आलं नाही. तिने पुन्हा जोर लावून म्हटलं, "अरे, आता विचारलं तर चालतं ना?"

तेव्हा कुठे मला कळलं. न विचारणं, परत पाठवलेली पेज, उशीमागची बिस्किटं, सगळं एकदम कळलं. माझा उपास तिला कधीच कळला होता, भाचीने शपथ मोडली असणार. मी तिच्याशी खोटं बोलू नये म्हणून ती गप्प राहिली होती, आणि मी बसलो होतो रुसून. मी तिच्या पलंगाचा दांडा धरला आणि लहान पोरासारखा रडलो. नर्स म्हणाली, टाके ओढले जातील. ओढले जाऊ देत.

"सांग ना," ताई म्हणाली.

"हो ताई. जेवलो."

"काय काय?"

"मऊ भात. बटाटा."

"मीठ?"

"मागे होतं."

ती हसली आणि तिने पोटावर हात ठेवला. दुखलं असणार तिला; मलाही दुखलं, त्याच जागी. मग डोळे मिटून म्हणाली, "पुढच्या वेळी तू कर."